कणसूर, बेसूर आणि विसंवादी

निपाणीकडच्या एका शाळेतल्या मराठीच्या बाईंनी तीन-चार प्रश्न एकदमच विचारलेत. त्यांच्या भजनी मंडळातले पेटीवाले काका कुणी गात असताना मध्येच हात वर करतात आणि म्हणतात, 'थांबा, कणसूर लागायलंय.' तर कणसूर आणि बेसूर एकच का? शब्द 'कान'वरून आला की 'कण'वरून? शेजारच्या कन्नड आक्कांचं म्हणणं असं की तुमचं 'बेसूर' हे आमच्या 'बेसर'चंच रूप, ते खरं का? आणि बातम्यांत 'बैठकीत विसंवादी सूर' असं छापतात, तो सूर यातलाच का?

मी बेळगावात पेटी शिकवतो, आणि पेट्या दुरुस्तही करतो. त्यामुळे कणसूर हा शब्द माझ्याकडे रोज येतो, कधी गळ्याबद्दल, कधी पेटीबद्दल. बाकीचे शब्दही त्याच्याच मागून येतात.

आधी सरळ उत्तर देतो. कणसूर आणि बेसूर एक नव्हेत. कणसूर म्हणजे 'थोडंसं बेसूर' असं पुष्कळ जण सांगतात आणि ढोबळ मानाने ते चालूनही जातं. पण पेटीवाले काका ज्या अर्थाने थांबवतात तो अर्थ त्यात येत नाही. बेसूर माणसाला सूर सापडलेलाच नसतो. कणसूर माणसाला सूर सापडलेला असतो, तो त्याच्या उंबऱ्यावर उभा असतो, पण आत गेलेला नसतो. आणि गंमत अशी की तो इतका जवळ उभा असतो म्हणूनच जास्त खुपतो.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर डबल सुरांची पेटी घ्या. पेटीत पितळी पट्टी आणि तिच्यात थरथरणारी पितळी जीभ, या सगळ्या वस्तूलाच आम्ही 'सूर' म्हणतो. म्हणजे आमच्या धंद्यात सूर हातात धरता येतो, घासता येतो, पिशवीतून नेता येतो. डबल पेटीत बोटाने दाबायच्या एका पट्टीला दोन सूर बोलतात, कुठे खर्ज (खालच्या सप्तकाचा) आणि नर (मधल्या सप्तकाचा), कुठे नर आणि नर. समजा दोन्ही नर सूर एकाच उंचीचे आहेत, सेकंदाला २४० कंपनांचे. दोन्ही एकदम बोलले की आवाज एकच येतो, फक्त भरलेला. आता त्यातला एक २४२ ला गेला. लगेच आवाजात हेलकावा येतो, सेकंदाला दोन वेळा फुगतो आणि दोन वेळा बसतो. २४३ ला गेला तर तीन वेळा. जेवढा फरक तेवढे हेलकावे. शाळेच्या पुस्तकात याला विस्पंद म्हणतात. आम्ही नुसतं कान लावून मोजतो, आणि हेलकावे हळू होत होत थांबले की सूर मिळाला असं समजतो.

आता तोच दुसरा सूर थेट २७० ला नेऊन ठेवा. तो हेलकावा आता ऐकूच येत नाही. २४० ला षड्ज, म्हणजे सा, धरला तर तो सरळ शुद्ध ऋषभ, म्हणजे रे, झाला. षड्ज आणि ऋषभ एकत्र वाजवले तर कानाला टोचतात खरे, पण ते दोन वेगळे स्वर म्हणून टोचतात. कणसूर कुणी म्हणणार नाही. याचा अर्थ कणसूर व्हायला दोन गोष्टी लागतात, शेजारी दुसरा सूर हवा आणि त्याच्याशी जवळीक हवी. एकटा सूर कणसूर नसतो. जंगलात एकट्याने गाणाऱ्याला कणसूर म्हणता येत नाही. तिथे निदान त्याचा स्वतःचाच आधी लावलेला षड्ज तरी हवा. तानपुरा, एकतारी, पेटी, शेजारी उभा असलेला टाळकरी, यातलं काहीतरी असल्याशिवाय हा शब्द लागू पडत नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर खानापूर तालुक्यातल्या एका भजनी मंडळाने पेटी आणली. तक्रार एकाच वाक्यात: 'सर, काळी दोनला वाजवली की गांधार कणसूर बोलायलाय.' दुसऱ्या काळ्या पट्टीवर सा धरला की त्याचा गांधार, म्हणजे ग, येतो पांढरी पाचवर, जिला इंग्रजी नावाने जी म्हणतात. मी ती पट्टी दाबून धरली, भाता सावकाश हलवला. नर-नरमधला एक सूर खाली बसला होता, हेलकावा सेकंदाला साधारण तीन. पेटी उघडून सुरांची फळी बाहेर काढली तर त्या जिभेच्या शेंड्यावर काळसर थर. बुक्का. कीर्तनाच्या शेवटी सगळ्यांना लावताना पेटीवर सांडलेला, भात्याच्या वाऱ्याने आत ओढला गेलेला, आणि खानापूरच्या ओल्या हवेत घट्ट बसलेला. जिभेच्या शेंड्यावर वजन वाढलं की ती सावकाश थरथरते, सूर उतरतो. कोरड्या कुंचल्याने तो थर झाडला, खाली पातळ पत्रा सरकवून फट मोकळी केली, परत बसवून वाजवलं. हेलकावा गेला. कानस हातात घ्यावीच लागली नाही.

कानस लागते ती सूर मुळातच सरकलेला असेल तेव्हा. शेंड्याला घासलं तर सूर चढतो, कारण टोक हलकं होतं. बुडाला घासलं तर उतरतो, कारण जिभेचा ताठरपणा कमी होतो. एक-दोन हात पुरतात. कानशीच्या त्या दोन हातांत जेवढं पितळ निघतं, ते कागदावर धरलं तर चिमटीतही येत नाही. म्हणून मला कणसूर या शब्दातला 'कण' अगदी मोजूनमापून ठेवल्यासारखा वाटतो.

आता त्या कणाकडे. बाईंचा प्रश्न असा की तो कण आहे की कान. 'कानाला खुपणारा सूर तो कानसूर, त्याचं पुढे कणसूर झालं,' असं बरेच जण सांगतात, आणि ऐकायला ते पटतंही. पण मराठीतला ण आणि न इथे साक्ष देतात. संस्कृतातल्या 'र्ण'चा मराठीत 'न' होतो: कर्णचं कान, पर्णचं पान, चूर्णचा चुना. एकटा ण मात्र ण राहतो. कण हा संस्कृतातही कणच आहे आणि मराठीतही कणच. कानावरून शब्द घडला असता तर तो न घेऊनच आला असता. कानशील, कानठळ्या, कानपिचक्या यांपैकी कुणाचाही कणशील झालेला नाही. उलट बोलीत आपल्याकडे ण चा न सर्रास होतो, 'पानी', 'कोन हाय' वगैरे. त्यामुळे कुणी 'कनसूर' म्हणत असेल तर ते कणसूरचं बोलीरूप, आणि त्या 'कन'वरून मग कान आठवणं अगदी साहजिक. हिंदीतही 'कनसुरा' आहे. तिथे ण-न चा हा आधार नसल्यामुळे नुसत्या रूपावरून निवाडा करता येत नाही, पण मराठीपुरता मला संशय वाटत नाही.

कण म्हणजे दाणा, त्याचा बारीक तुकडा. कणी, कणीस, कणिक ही सगळी त्याच घरातली. आपल्याकडे भात पिकवणाऱ्यांना कणी सांगायला नको: गिरणीत मोडलेला तांदूळ. तो तांदूळच असतो, पण अख्खा नसतो. वैशेषिक दर्शनाच्या मुनींचं कणाद हे नावही यातलंच, दाणे वेचून खाणारा. तर कणसूरची फोड दोन प्रकारे करता येते. 'ज्याच्या सुरात कण आहे तो', म्हणजे काहीतरी कचकच आहे असा. किंवा 'कणभर चुकलेला सूर'. पहिली फोड धरली तर कणसूर म्हणजे आवाजाचा पोत बिघडलेला, दुसरी धरली तर जागा बिघडलेली. वापर बघितला तर दुसरीच बरोबर वाटते. पेटीवाले काका कुणाच्या आवाजाच्या पोताबद्दल थांबवत नाहीत, जागेबद्दल थांबवतात.

पोताबद्दल मराठीत स्वतंत्र शब्दांची रांगच आहे: भसाडा, घोगरा, चिरका, किनरा, खरखरीत, बसका. हे आवाजाचे गुण-अवगुण, सुराचे नव्हेत. दोन्हींची गल्लत केली की माणसांवर अन्याय होतो. धारवाडात जन्मलेल्या गायिका गंगूबाई हनगल यांचा आवाज घशाच्या दुखण्यानंतर इतका भारदस्त झाला की न बघता ऐकणाऱ्याला पुरुष गातोय असं वाटे. रूढ अर्थाने गोड म्हणावा असा तो आवाज नव्हता. पण सुराची जागा अशी अढळ, की तानपुरा आणि गळा यांत फट सापडत नाही. आमच्या बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व पुढे क्षयाने आजारी पडले, एक फुप्फुस निकामी झालं, लांब दम उरला नाही. तरी त्यांचे तानपुरे इतके काटेकोर मिळवलेले असत की त्याबद्दल आजही लोक बोलतात. आणि दुसऱ्या बाजूला, लग्नसराईत गोड, पातळ, मधाळ आवाजात गाणारे पुष्कळ भेटतात, जे पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत कणसूर असतात. गोड आवाजामागे कणसूर बराच वेळ लपून राहतो. भसाड्या आवाजाला ती सोय नाही.

अजून एक गल्लत विद्यार्थी हमखास करतात: कणसूर आणि कणस्वर. कणस्वर हा दोष नाही, अलंकार आहे. गांधार लावताना मध्यमाला नुसता स्पर्श करून खाली यायचं, तो मध्यम म्हणजे कण. भातखंड्यांच्या स्वरलेखनाच्या लिपीत तो मूळ स्वराच्या डोक्यावर डावीकडे बारीक अक्षरात लिहितात. सूर आणि स्वर एकाच शब्दाची दोन रूपं, कण दोन्हीकडे तोच, आणि तरी एक शब्द शाबासकीचा आणि एक रागावण्याचा. परीक्षेच्या पेपरात 'कणसुराचे महत्त्व' लिहिणारी मुलं मी पाहिलेली आहेत.

बेसूरचं कुळ वेगळं. 'सूर' हा स्वरचाच मराठी अवतार; त्वर् धातूच्या 'त्व'चा जसा 'तु' होऊन तुरंत झाला तसा इथे 'स्व'चा 'सु'. 'बे' मात्र फारसी, अर्थ 'शिवाय', 'विना'. विजापूरच्या आदिलशाहीत हा सगळा मुलूख होता, दरबारी भाषा फारसी, तेव्हा बेइमान, बेवारस, बेजार असे शब्द आयते आले. मग मराठी माणसाने तो 'बे' घरच्या शब्दांनाही जोडायला सुरुवात केली: बेताल, बेढब, बेबनाव, बेसूर. म्हणजे बेसूर हा अर्धा फारसी आणि अर्धा संस्कृताच्या घरचा शब्द.

पाढ्यातल्या 'बे एके बे' वरून 'बेसूर म्हणजे दोन सूर' असं एक गृहस्थ मला पटवत होते. पाढ्यातला बे हा संस्कृत 'द्वे'चा वंशज, त्याचा या बे शी संबंध नाही. पण कल्पना मात्र झकास. एका ऐवजी दोन सूर बोलले की हेलकावा होतो हे मी वर सांगितलंच. ते गृहस्थ शब्दात चुकले, पेटीत बरोबर निघाले. असे बे शोधायला लागलं की कुठेही सापडतात. हिंदी वर्तमानपत्रं आमच्या गावाचं नाव 'बेलगाम' असं लिहीत, ज्याचा हिंदीत अर्थ लगाम नसलेला. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी झाल्यावर ती गंमत थोडी कमी झाली. गावाचं मूळ नाव वेणुग्राम, वेळूचं गाव; लगामाचा आणि फारसीचा त्यात काही संबंध नाही.

आता आक्कांचं 'बेसर'. कन्नडमध्ये बेसर म्हणजे कंटाळा, वीट, मनाला लागणं. 'बेसर आयतु' हे वाक्य आपण दिवसातून दहादा ऐकतो, आणि आपल्याकडची मराठी माणसंही ते बोलून जातात. हा शब्द द्रविड भाषांच्या घरचा. तमिळ-तेलुगूतही त्याची भावंडं थकणे, शिणणे या अर्थाने आहेत. म्हणजे आक्कांचा बेसर आणि आपला बेसूर शेजारी राहतात, भाऊबंद नाहीत. बेसूर गाणं ऐकून बेसर येतो एवढाच त्यांचा संबंध. आक्कांना राग येऊ देऊ नका. सीमेवर अशा जोड्या जुळवणं हा आपला सगळ्यांचाच उद्योग आहे, मराठी बाजूनेही काही कमी होत नाही.

विसंवादीवर मात्र जरा थांबायला हवं, कारण इथे वर्तमानपत्रं आणि शास्त्र यांचा अर्थ वेगळ्या दिशांना गेलाय.

संवाद म्हणजे सम् आणि वद्, बरोबर बोलणं, आणि त्यावरून जुळणं. विसंवाद म्हणजे ते जुळणं मोडणं. संस्कृतात हा शब्द गाण्यापेक्षा तर्काच्या घरात जास्त वावरला: शब्द दिला आणि पाळला नाही तर विसंवाद; सांगितलं एक आणि प्रत्यक्षात निघालं दुसरं तर विसंवाद. सातव्या शतकातले बौद्ध तर्कपंडित धर्मकीर्ती प्रमाणाची व्याख्याच 'अविसंवादी ज्ञान' अशी करतात, म्हणजे प्रत्यक्षाला जाऊन भिडल्यावर न फसवणारं ज्ञान. 'साक्षीदारांच्या जबाबांत विसंवाद' असं कुणी लिहिलं तर ते या जुन्या अर्थाला अगदी धरून आहे.

संगीतशास्त्रात मात्र चार नावं आहेत आणि त्यात विसंवादी नाहीच. भरताच्या नाट्यशास्त्रात स्वरांचे वादी, संवादी, अनुवादी आणि विवादी असे चार प्रकार सांगितलेत. सप्तकाचे बावीस बारीक भाग म्हणजे श्रुती; ज्या दोन स्वरांमध्ये नऊ किंवा तेरा श्रुतींचं अंतर ते एकमेकांचे संवादी, जसे षड्ज-मध्यम आणि षड्ज-पंचम. दोन श्रुतींचं अंतर असेल तर विवादी, जसे ऋषभ-गांधार. पुढे रागाच्या चर्चेत विवादी म्हणजे त्या रागात न बसणारा स्वर असा अर्थ रूढ झाला. लक्षात घ्या, विवादी स्वर बेसूर नसतो. भूप रागात मध्यम नाही. कुणी भूप गाताना अगदी तानपुऱ्याला चिकटून सुरेल मध्यम लावला, तर तो सुरेलही आहे आणि राग बिघडवणाराही आहे. उलट बिहाग रागात तीव्र मध्यम विवादी म्हणून हलकेच लावतात आणि राग त्याने खुलतो. आणि भूपातलाच गांधार, रागाचा वादी म्हणजे मुख्य स्वर, कणभर उतरला तर तो शंभर टक्के रागातला आणि तरी कणसूर. म्हणजे 'कुठला स्वर' हा एक प्रश्न आणि 'कुठे लागला' हा दुसरा. विवादी पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे, कणसूर दुसऱ्याचं.

त्यामुळे बैठकीत एखाद्या सदस्याने ठाम विरोध केला तर तो विवादी सूर झाला म्हणा, मतभेद झाला म्हणा, भांडणावर गेलं तर बेबनाव म्हणा. विसंवादी म्हटलं तरी आकाश कोसळत नाही, शब्द रुळलाय. पण सगळे जण ठरावाला होय म्हणतात आणि एकजण 'होय, पण...' म्हणतो, त्याला खरं तर कणसूर म्हणायला हवं. बातमीदार ते कधी लिहीत नाहीत. सीमाभागातल्या बैठकांना तो शब्द इतका लागू पडतो की मी वाट बघतोय.

आता बाईंनी न विचारलेला पण पेटीवाल्याला टाळता न येणारा मुद्दा. काका पेटी वाजवत वाजवत दुसऱ्याला कणसूर म्हणतात, पण पेटी स्वतः कुठे सुरात असते?

पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. सप्तकाची १२०० सेंट अशी मोजणी धरली तर प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीपेक्षा १०० सेंटांनी वर. तानपुऱ्यातून निघणारा शुद्ध गांधार मात्र षड्जाच्या सव्वापट, म्हणजे ३८६ सेंटांवर बसतो. पेटीचा गांधार ४०० वर. चौदा सेंट चढा. षड्ज २४० धरा, तानपुऱ्याचा गांधार ३००, पेटीचा ३०२.४ च्या आसपास. मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा वरच्या उपस्वरांत हा फरक अजून मोठा होतो: षड्जाचा पाचवा उपस्वर १२००, पेटीच्या गांधाराचा चौथा १२०९.५, म्हणजे सेकंदाला नऊ-दहा हेलकावे. तो खरखराट तयार कानाला पट्टी दाबल्या दाबल्या कळतो. धैवताचंही तसंच, ८८४ ऐवजी ९००. पंचम तेवढा बिचारा भला, ७०२ ऐवजी ७००, फरक ऐकू येण्यासारखा नाहीच.

म्हणजे वर दिलेल्या व्याख्येने पेटीचा गांधार जन्मतःच कणसूर. हे सांगणारा मी पहिला नाही. आकाशवाणीने १९४० साली पेटीला साथीतून बाहेर काढलं, तेव्हा मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, न निघणं आणि स्वरांच्या जागा चुकणं ही दोन मुख्य कारणं होती; दार पुन्हा उघडायला १९७१ उजाडलं. त्याही आधी, आमच्या उत्तरेला, सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवर १९१० साली पुस्तक लिहिलं, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यावर मोजमापं घेतली, आणि क्लेमंट्स या गोऱ्या अधिकाऱ्याच्या साथीने श्रुतींची पेटी करवली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली. ती पेटी काही घरोघरी गेली नाही. बारा पट्ट्यांची, चौदा सेंट चढ्या गांधाराची आपली पेटीच घरोघरी राहिली.

आणि याच मुलखात त्या पेटीचे मोठे वादक झाले. विठ्ठलराव कोरगावकर बेळगावचे. पंडित रामभाऊ विजापुरे १९१७ साली कागवाडला जन्मले आणि आयुष्यभर बेळगावात पेटी वाजवली, शिकवली. चांगला वादक काय करतो ते अशांच्या वादनात ऐकावं. तो गांधारावर मुक्काम करत नाही. गायक गांधारावर थांबला की पेटी हळूच षड्ज-पंचमाकडे सरकते, भाता हलका होतो. गांधार द्यायचाच झाला तर शेजारच्या पट्टीवरून घसरत, क्षणभर. कण असतोच, पण ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत पोचायला त्याला वेळ मिळत नाही. काही वादक आपली पेटी ठरलेल्या एका पट्टीसाठी शुद्ध गांधारावर मिळवून घेतात. मीही लावून देतो. मग काळी एकला ती अमृतासारखी बोलते, आणि पट्टी बदलून पांढरी चारला गेलात की तीच कानशीने केलेली सुधारणा उलटी अंगावर येते. भजनी मंडळांनी हा नाद करू नये. तुमच्याकडे दर अभंगाला गायक बदलतो, त्याच्याबरोबर पट्टी बदलते.

मग काकांनी थांबवलं तर काय करायचं? बहुतेक वेळा गळा उतरलेला असतो. वरच्या षड्जाकडे जाताना दम संपत येतो आणि सूर पोचायच्या आधीच माणूस थांबतो. ही सगळ्यात नेहमीची जागा. दुसरी जागा निषाद: षड्जाच्या तोंडाशी असल्यामुळे कुणी त्याला षड्जाकडे ओढतं, कुणी मागे सोडतं. तिसरं कारण गळ्यात नसतंच, ध्वनिक्षेपकात असतं. स्वतःचा आवाज मोठ्याने कानावर आदळत असला की तानपुरा ऐकूच येत नाही, आणि शेजारचा सूर ऐकू येत नसला तर त्याला मिळायचं कसं? पखवाज आणि तबलाही बघा. आपल्याकडे जून-जुलैत शाई-चामडं ओल धरतं, तबला बसतो, आणि गायक नकळत तबल्याच्या उतरलेल्या षड्जाकडे झुकतो. दोष गायकाला लागतो. तबला हातोडीने चढवून घ्या, मग पुन्हा गाऊन बघा.

एक साधा उपाय सांगतो, तो रोज करावा. फोनवरचा तानपुरा अगदी हळू लावा. त्याच्यापेक्षा हळू आवाजात षड्ज लावा. आवाज एवढा लहान ठेवा की दोन्ही एकदम ऐकू येतील. मग मुद्दाम, जाणून, गळा कणभर खाली न्या. हेलकावा ऐका. परत वर आणा, हेलकावा मावळतो ते ऐका. मग वरच्या बाजूने. आठवडाभरात कान तो हेलकावा आपणहून शोधायला लागतो. कणसूर काढायला शिकलं की कणसूर टाळता येतो. याला दुसरी वाट मला माहीत नाही.

राहिलं व्याकरण, कारण प्रश्न मराठीच्या बाईंचा आहे. कणसूर नाम म्हणूनही येतं आणि विशेषण म्हणूनही: 'कणसूर लागला', 'आवाज कणसूर आहे'. विकारी रूप हवं असेल तर कणसुरा, कणसुरी, कणसुरे. सूरमधला दीर्घ ऊ सामान्यरूपात ऱ्हस्व होतो, सूर-सुरात, तसाच कणसुरात, कणसुराने. माणसाबद्दल 'तो कणसुरा आहे' म्हटलं तर कायमचा शिक्का बसतो, म्हणून शिकवताना मी 'कणसूर लागला' एवढंच म्हणतो, तो त्या क्षणापुरता असतो. आणि आक्कांना सांगायचं झालं तर बेसरच्या भानगडीत पडू नका. चुकीचा स्वर लागला तर त्यांच्याकडे 'अपस्वर' आहे, तो आपल्या बेसूरच्या जवळचा. कणसूरला मात्र त्या एका शब्दात न सांगता 'श्रुती सेरिल्ल' म्हणतील, श्रुती मिळाली नाही. माझ्याकडे येणारी निम्मी मुलं कन्नड बोलणारी आहेत. त्यांना गांधारावर थांबवताना मी हेच म्हणतो, आणि मराठी मुलांनाही आता ते कळतं.